चाळीस फुटांचा सत्कार

नगर, २० नोव्हेंबर २०२४

चि. अंबिका हीस अ. उ. आ.

परवा मी फोन आपटला, त्याचं मला जराही वाईट वाटलेलं नाही. पुन्हा आला तर पुन्हा आपटेन, म्हणून लिहितो आहे. अर्जावर ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून माझं नाव घालू का, हे विचारायला तू फोन केलास. कशाचा अर्ज, तर कातळ चढायला शिकण्याचा! वय एकोणसाठ. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. घरात एकटी. उजवा गुडघा जिना उतरताना वाजतो, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे. पडलीस तर अकोल्याला धावत यायला मी काय विशीतला आहे? माझी सत्तरी झाली.

तुझी वहिनी म्हणते, जाऊ द्या तिला, दोर बांधतात. दोर तर बैलालाही बांधतात! माझं नाव घालायचं नाही. अर्ज फाड आणि तसं कळव.

रागावलेला, तरीही आशीर्वाद देणारा,
दादा

अकोले, २६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं नाव घातलं आहे. अर्जात भावाची संमती कुठे मागितलेली नाही, फक्त फोन नंबर मागितला आहे.

चौतीस वर्षं मी पोरांच्या सहली गडांवर नेल्या. दर वेळी अवघड टप्पा आला, की हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुम्ही खाली दप्तरं सांभाळा. सातवीतली पोरं वरून हाका मारायची आणि मी दप्तरांच्या ढिगापाशी बसायचे. येता का, म्हणून एकदाही कोणी विचारलं नाही. आता कुठे मी स्वतःच स्वतःला विचारलं, तर तू फोन आपटलास. याचा मला फार राग आला आहे.

राजूरच्या पुढे एक चाळीस फुटी कातळ आहे. तिथे रविवारी नवशिक्यांचा वर्ग आहे. दोर वर अडकवून खाली सोडलेला असतो, एक टोक आपल्या कंबरेला, दुसरं खालच्या माणसाच्या हातात. आपला हात सुटला तर आपण लोंबकळतो, पडत नाही. हे वहिनीला वाचून दाखव. तू दाखवणार नाहीस, म्हणून मागच्या पानावर तिच्या नावाने पुन्हा लिहिलं आहे.

राग असू दे, लोभही असू दे.
अंबिका

नगर, ६ डिसेंबर २०२४

चि. अंबिका हीस अ. उ. आ. आणि त्रिवार अभिनंदन!

आज सकाळी पेपर उघडला आणि चहा तसाच निवला. पाचव्या पानावर तुझा फोटो! डोक्यावर हेल्मेट, कातळाच्या माथ्यावर उभी. ‘साठीच्या शिक्षिकेने सर केला चाळीस फुटी कातळ.’ राग एवढ्याचाच आला, की ही बातमी मला पेपरातून कळावी.

संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मी ती वाचून दाखवली. मी संघाचा चिटणीस असूनही अध्यक्ष वैजनाथराव माझी सूचना कधी पुरती ऐकूनही घेत नाहीत. पण आज त्यांनी स्वतःहून ठराव मांडला. १९ जानेवारीला संक्रांतीच्या मेळाव्यात तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मीच लिहायला घेतलं आहे. साडी काठाची नेस, स्टेजवर उठून दिसते.

तुझा अभिमान बाळगणारा,
दादा

अकोले, ११ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

ते मानपत्र फाडून टाक. मी तो कातळ चढलेली नाही.

बारा फुटांवर खडक पोटासारखा पुढे आला आहे. तिथे माझे हात गळाले. मी ओरडून सांगितलं, मला खाली घ्या. वर्गाचा प्रमुख, सुहास नावाचा, म्हणाला, मॅडम, थोडंच राहिलंय. मग त्याने आणि आणखी दोघांनी मिळून दोर ओढला. मी विहिरीतल्या बादलीसारखी वर गेले. गुडघे आपटत होते, मी सोडा सोडा म्हणत होते आणि खाली टाळ्या वाजत होत्या. वर पोचले तेव्हा मला रडू येत होतं. तोच तो फोटो. नीट बघ, ते हसू नाही.

सुहासला जाब विचारला, तर म्हणतो, लोकांना प्रेरणा मिळते, पुढच्या वर्गाला तीस नावं आली. पेपरवाले म्हणाले, असल्या बातमीला दुरुस्ती नसते. खरं बोलली ती एकटी रेश्मा. पलीकडच्या वाडीतली चोवीस वर्षांची मुलगी, वर्गात दोर बांधायला शिकवते. निघताना हळूच म्हणाली, की म्याडम, तुमी चढला न्हाई, तुमाला वढलं, आसं कराया नको हुतं.

सत्कार रद्द कर.

अंबिका

नगर, १७ डिसेंबर २०२४

चि. अंबिका हीस आ.

पत्रिका वाटून झाल्या. दीडशे माणूस येणार. बारा काय नि चाळीस काय, कातळाला हात तर लावलास ना? तू गप्प बसलीस तर कोणाचं काय बिघडणार आहे? इथे लोक मला रस्त्यात थांबवून तुझी चौकशी करतात. त्यांना आता काय तोंड दाखवू? पाच मिनिटं स्टेजवर उभी राहा, एवढंही भावासाठी होत नाही?

दादा

अकोले, १० जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

येणार नाही. कोणाचं काय बिघडणार, असं विचारलंस. माझं बिघडतं. शेजारच्याचं गणित उतरवून घेणाऱ्या पोराला मी कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत.

गेले तीन गुरुवार मी रेश्माकडे शिकते आहे, त्याच कातळावर. पहिल्या दिवशी तिने मला हात पाठीमागे बांधून तिरप्या खडकावर नुसतं पायांनी चालायला लावलं. म्हणाली, समदे हातानं वढत्यात म्हनून दमत्यात. बुटाचं टोक बोटभर कपारीत टेकवायचं आणि त्याच्यावर उभं राहायचं.

काल त्या पोटापाशी मी पुन्हा अडकले. ओढ म्हणून तिच्यावर ओरडले. ओढेना. नाही नाही ते बोलले, तरी ओढेना. एवढंच म्हणाली, की डाव्या पायाखाली बगा. तिथे कपार होती! मी त्या कपारीवर उभी राहिले. अठरा फुटांपर्यंत गेले, मग हात सुटला, दोरावर लोंबकळले आणि एकटीच मोठमोठ्याने हसत सुटले. मेळाव्यात सांगायचंच असेल, तर हे सांग.

वहिनीला नमस्कार.
अंबिका

नगर, २१ जानेवारी २०२५

चि. अंबिका हीस अ. उ. आ.

सांगितलं.

तुझ्याऐवजी मानपत्र वाचून दाखवावं, असं ठरलं होतं. पहिली ओळ वाचली आणि तुझं ते गणित उतरवून घेणारं पोर आठवलं. मग कागद खाली ठेवला आणि म्हणालो, माझी बहीण आली नाही, कारण ती चाळीस फूट चढलेली नाही. तिला ओढून नेलं. नंतर ती स्वतःच्या पायांनी अठरा फूट गेली. वैजनाथरावांनी शाल पिशवीत परत घातली आणि माइकसमोरच म्हणाले, की ही संघाची फसवणूक आहे. मला असा संताप आला! म्हणालो, फसवणूक तिची झाली, तुमचं काय गेलं? आणि एकदा तोंड उघडल्यावर राहवलं नाही. पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘निवृत्त अधीक्षक, न्यायालय’ छापलं होतं. सांगून टाकलं, की मी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. बारा वर्षं लोक अधीक्षक म्हणत आले, मी बारा वर्षं ऐकून घेतलं.

तुझी वहिनी पुढच्या रांगेत होती. वाटलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही. तिने उठून माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि जाऊन बसली. चिटणीसपद बहुतेक जाईल.

तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही. आडरानात दोघीच बायका दोराला लोंबकळता, शेजारी तिसरं माणूस नाही, हे मला बिलकुल मान्य नाही. पुढच्या बुधवारी एसटीने येतो, गुरुवारी कातळापाशी खुर्ची टाकून बसतो. टाळ्या वाजवणार नाही. आणि तू कितीही ओरडलीस, तरी रेश्माला दोर ओढू देणार नाही.

तुझा,
दादा