बायोस बदलला, ते कुणाला सांगू

आप्पा, आज शाळेतले सगळे संगणक नव्या पद्धतीनं चालू झाले. वरवंडची ही मुलींची शाळा तुम्हाला माहीत नाही, मी तिथं शिकवते हेही नाही. घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं, त्या माझ्या निकालाआधीच तुम्ही गेलात. आई दादाकडे शिरूरला असते, मी यवतला खोली घेऊन राहते. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी जे जिथं ठेवलं ते तिथंच असतं. बोलायला कुणी नसतं, म्हणून लिहितेय.

तुम्ही विचारलं असतंत, चालू झाले म्हंजी, बंद कशानं पडले हुते? बंद नव्हते. एका कंपनीनं वापरून शाळेला दिलेले ते संगणक. मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाई, सुट्टीत नवं विंडोज बसलं तर ठेवू, नाहीतर शाळा उघडायच्या आधी भंगारवाला बोलावतो." नवं विंडोज बसायला संगणक सुरू होण्याची पद्धतच बदलावी लागते. जुनीला लेगसी बायोस म्हणतात, नवीला यूईएफआय. यवतचा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, सरळ फॉरमॅट मारा. सगळं पुसायचं, नवं टाकायचं. कशाला डोकं लावताय?" पण त्यात मुलींची कामं आहेत. बऱ्याच जणींच्या घरी संगणक नाही, कधी येईल असंही दिसत नाही. एखादीनं स्वतः केलेलं आपण आपल्या सोयीसाठी पुसू नये, असं मला वाटतं.

अजून डोळ्यांपुढं आहे: मी कॉलेजातून येते आहे, तुमची मेंढरं कुणाच्या तरी रानात बसली आहेत. दुपारचं ऊन. एक मेंढी पायात धरून तुम्ही लोकर कातरताय आणि विचारताय, "काय शिकीवलं आज? सांग." समजत असेल तोवर कातर चालते, समजेनासं झालं की थांबते. एकदा मी म्हणाले, बटण दाबलं की संगणक आपोआप चालू होतो. कातर थांबली. "आपोआप? बटान दाबल्यावर आधी कोण जागं हुतं?" मी म्हणाले, ते अजून शिकवलं नाही. "मंग शिकून काय आली? उद्या इचारून ये." मी चिडून घोंगडीवर पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात विचारलं, आणि मॅडमनी फळ्यावर बायोस लिहिला: विंडोज उठायच्या आधी उठणारा, डिस्कवर जाऊन त्याला शोधणारा एक छोटा प्रोग्रॅम. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "म्हंजी आधी कुत्रं जागं हुतं, मंग ते धन्याला उठीवतं. आसं सांग की!"

आज पहिल्याच संगणकावर मी घाई केली. सेटिंगमध्ये जाऊन पद्धत बदलली आणि मोकळी झाले. पडदा काळा. वर इंग्रजीत एक ओळ, सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. शाळेतल्या मावशी पाण्याचा हंडा घेऊन दारात थांबल्या, "मेलं व्हय गं बाई?" डिस्क तिथंच होती, मुलींची कामंही होती. पण डिस्कवरची मांडणी जुनी, आणि शोधणारा नवा. तुमच्यासारखं सांगायचं तर कुत्रं नवीन आणलं होतं, धनी कुठं निजतो ते त्याला ठाऊक नव्हतं. मी पद्धत परत जुनी केली, विंडोज आलं. मग काही न पुसता, एका कमांडनं आधी डिस्कची मांडणी बदलली, आणि त्यानंतर पद्धत. बटण दाबलं. विंडोज आलं. मुलींची चित्रं, तक्ते, अर्धे सोडलेले निबंध, सगळं होतं. "जितं झालं की!" मावशी म्हणाल्या आणि पाणी भरायला गेल्या. बाकीचे मग एकामागून एक होत गेले; आता त्यांच्यावर नवं विंडोज बसेल.

मुख्याध्यापक आले, दोन-तीन पडदे वाकून पाहिले. "हे तर पहिल्यासारखंच दिसतंय बाई. बदललं काय?" खरंच, बरोबर झालं की काहीच वेगळं दिसत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांचा फोन वाजला. "ठेवू मग, ठेवू," असं हातानंच दाखवून ते बाहेर गेले. संगणक राहिले, आप्पा. मला तेवढंच हवं होतं. तरी कुणाला तरी सांगावं म्हणून रिकाम्या वर्गातून आईला फोन केला तर म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"

येताना एसटीत खिडकीशी बसून मी तुम्हाला पहिल्यापासून सांगू लागले. ओठ हलत होते ते कळलं नाही. शेजारी मांडीवर मेथीची पिशवी घेतलेली एक बाई होती. वाकून बघत म्हणाली, "कानात घालून बोलतीस व्हय? मला वाटलं, येडी का काय!" कानात काहीच नव्हतं; मी केस कानावर ओढून घेतले. म्हणाले, "घरी बोलतेय."

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं कबूल करते. तिनं विचारलं, "मंग काय म्हणत्यात घरची?"

"ऐकत्यात," मी म्हणाले.