पलीकडच्या स्टँडमध्ये

बाबा, उद्या दुपारी इथे मॅच आहे आणि आज सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नाही. कामावर, विद्यापीठाच्या लायब्ररीत, दोन पुस्तकं भलत्याच खणात लावली, शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. घरीही तेच. भाजी चिरायला घेते, अर्धवट ठेवून खिडकीशी जाते, वारा कुठून येतोय ते बघते. पश्चिमेचा वारा असाच राहिला तर त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुलाच्या, लांबच्या फेकी भरकटतील, आणि लांब फेकण्यावाचून त्यांना दुसरं फारसं काही येत नाही. आमचं दुखणं वेगळं आहे. आमचा सगळ्यात चांगला पळणारा मुलगा गेल्या शनिवारी लंगडत बाहेर गेला. पेपरात लिहिलंय की तो खेळेल. माझा विश्वास नाही.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि इथल्या फुटबॉलबद्दल मी तुम्हाला कधी नीट लिहिलंच नाही. नावाला फुटबॉल, पण चेंडूला पाय क्वचितच लागतो. लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. मला तर बघताना कबड्डीच आठवते. अमेरिकेत, ह्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आलो त्या वर्षी ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली. थंडीत कुडकुडत बसले होते, काही कळत नव्हतं. पण अगदी शेवटच्या यार्डात आमच्या एकाने समोरच्याला आडवा होऊन अडवलं आणि मी उभी राहून ओरडले, तेही मराठीत. त्यानंतर घरची एकही मॅच सोडलेली नाही. उद्याची वर्षातली शेवटची, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यापीठाशी. ही हरलो तर बाकीच्या जिंकलेल्या मॅचना कुणी विचारत नाही. तुमच्या रेल्वे वर्कशॉपची कामठीवाल्यांशी असायची ना, तशी.

त्या मॅचच्या सकाळी तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसून फरशीवर बटाटे आणि कांदे मांडायचात. बटाटे आपले, कांदे कामठीचे. गोलमधला मोठा बटाटा तुम्ही स्वतः. "हा कांदा डावीकडून फार पळतो," तुम्ही मला समजावताय, आणि आई मागून म्हणते, "तुमचा कांदा पळून झाला असेल तर द्या इकडे, तेल तापलंय." मी दहा-अकराची असेन. मैदानावर दोरीला लागून पहिल्या रांगेत बसायचे. एकदा कामठीच्या गोलकीपरच्या पायांमधून साधा घरंगळत आलेला चेंडू आत गेला. मी उड्या मारल्या, त्याला वेडावून दाखवलं. मध्यंतरात तुम्ही सरळ माझ्याकडे चालत आलात, गुडघ्याला माती लागलेली. "आपण गोल केला तर वाजव टाळ्या, कितीही. दुसऱ्याच्या चुकीवर नाही वाजवायच्या." मग त्याच्याकडे गेलात आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोललात. काय बोललात ते मी कधी विचारलं नाही.

हे आज सांगायचं कारण तुमची नात. तिला तुम्ही चार वर्षांची असताना फोटोत पाहिलंत, आता अठराची झाली. इथे मी नोकरीला, तिला इथेच सहज शिकता आलं असतं. तिने त्या दुसऱ्या विद्यापीठात नाव घातलं, माझ्याशी महिनाभर भांडून. ऑगस्टमध्ये ह्यांनी तिला गाडीने सोडलं, मी गेले नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला, केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टमध्ये नापास झाली होती. आवाज रडवेला. आणि मी म्हणाले, "तरी मी सांगत होते." एवढंच म्हणाले, पण माझ्या आवाजात आनंद होता, बाबा. तिला तो ऐकू आला. "ओके, आई," म्हणाली आणि फोन ठेवला. मैदानात एवढी वर्षं तुमचं ऐकलं. कधी कुणाच्या हातून चेंडू निसटला तर मी टाळी वाजवत नाही, शेजारचे हसतात. घरात मात्र वाजवली. त्यानंतर दर रविवारी ती फक्त ह्यांच्याशी बोलते.

मघाशी, चिरलेली भाजी तशीच असताना, फोन वाजला.

"आई, मला राइड मिळाली. उद्या सकाळी निघतोय."

"बरं."

"मी आमच्या साइडला बसणार. यू नो दॅट, राइट?"

"माहीत आहे. तुमच्या क्वार्टरबॅकला सांग, वारा आहे."

ती हसली. थोडंसंच, पण हसली. मग म्हणाली, "केमिस्ट्रीची ती टेस्ट परत दिली. आता बरं चाललंय."

मी म्हणाले, "मी तेव्हा बोलले ते चुकलं माझं." तिने विचारलं, "मॅचनंतर घरी जेवायला येऊ? तिघं आहोत आम्ही. सगळे आमच्याच साइडचे."

"या. हरलात तरी या."

"आई, आम्ही जिंकणार आहोत," ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "माझा जुना विंटर कोट आहे ना घरी? इथला पातळ आहे." मी म्हणाले, आहे.

नाही आहे. सप्टेंबरमध्ये, ती जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा रागाच्या भरात मी तो चर्चच्या जुन्या कपड्यांच्या सेलमध्ये देऊन आले. ह्यांनाही माहीत नाही. हे पत्र आता ड्रॉवरमध्ये ठेवते आणि दुकानं बंद व्हायच्या आत निघते. तसाच कोट मिळाला तर तिला काही सांगणार नाही.