खालच्या आवाजाची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
कलावंत नोंदणी व निवास विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरील दालन.

विषय : अर्जदाराचा आवाज असलेली रेकॉर्ड पुरावा म्हणून ग्राह्य धरून कलावंत निवासातील खोली क्र. १४ अर्जदाराच्या नावे करण्याबाबत.

संदर्भ : १) खोली रिकामी करण्याबाबतची आपली नोटीस, दिनांक २ सप्टेंबर. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. (पहिल्याची पोच आहे, दुसऱ्याची मिळाली नाही.)

महोदय,

अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते, असे आपल्या कार्यालयातील टंकलेखक बाईंनी सांगितले. म्हणून तसे लिहीत आहे. सवय नसल्याने कुठे चुकल्यास सांभाळून घ्यावे.

१. अर्जदार, वय वर्षे सदुसष्ट, अविवाहित, खोली क्र. १४ मध्ये थोरल्या बहिणीसोबत अकरा वर्षे राहत आहे. खोली ताईच्या नावे आहे. ताईची गायिका म्हणून आपल्याकडे नोंद आहे. दिनांक ११ ऑगस्ट रोजी सकाळी, चहा उकळत असताना, ताई वारली. आपली नोटीस बाविसाव्या दिवशी मिळाली. त्याबद्दल तक्रार नाही. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाने तीस दिवसांत खोली सोडावी, मात्र तो स्वतः कलावंत असल्यास खोली त्याच्या नावे होते, असा नियम नोटिशीत दिला आहे.

२. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी ताईने व अर्जदाराने मिळून आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. ताई वरचा आवाज, म्हणजे गाण्याची चाल, गायची, अर्जदार तिला साथ देणारा खालचा. मायक्रोफोन एकच होता. यंत्रावर बसलेल्या गृहस्थांनी ताईला पुढे उभे केले व तिच्या मागे दीड पावलावर खडूने रेघ मारली. "धाकट्या बाईंनी रेघ ओलांडायची नाही, आवाज अंगावर येतो," असे ते म्हणाले. अर्जदाराने रेघ ओलांडली नाही. पाचशे रेकॉर्डी निघाल्या. कव्हरवर 'दोघी बहिणी' एवढेच छापले आहे, नावे नाहीत. करारावर सही ताईची होती, कारण ती मोठी. पुढे ताई कार्यक्रमांतून गात राहिली. अर्जदाराने एकतीस वर्षे मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावण्याचे काम केले.

३. सहा वर्षांपूर्वी कंपनीने ही गाणी इंटरनेटवर आणली. मूळ टेप कंपनीने केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती, त्यामुळे कुणाकडच्या तरी जुन्या रेकॉर्डीवरून गाणी उतरवली व खरखर काढण्यासाठी यंत्रातून साफ केली. यंत्राने खरखरीबरोबर मागचा पुसट आवाजही काढून टाकला. म्हणजे अर्जदार. शेजारच्या खोलीतील क्लॅरिनेटवाले काका यांनी ती गाणी ताईच्या फोनवर लावून दिली. ताई पलंगावर पडून रोज ऐकायची. "किती स्वच्छ येतं गं, एक खरखर नाही," म्हणायची. खालचा आवाज ती आपल्या मनातूनच भरून घेत असावी, कारण तो गेल्याचे तिच्या कधी लक्षात आले नाही. अर्जदाराच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. सांगायचे राहून गेले. आज सांगू, उद्या सांगू करत सहा वर्षे राहून गेले. ताई खूश होती, तिच्या तोंडचा घास कशाला काढायचा, असे वाटे.

४. नोंदणीसाठी आपल्याकडे लिंक लागते. टंकलेखक बाईंनी लिंक उघडून ऐकली व म्हणाल्या, "मावशी, यात एकच बाई गातेय." ते खरे आहे. अर्जदाराने पिशवीतून रेकॉर्ड काढून दिली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली व विचारले, "ही ऐकायची कशावर?" त्यांचा दोष नाही, त्या वयाने लहान आहेत. त्यानंतर क्लॅरिनेटवाले काकांनी रेकॉर्ड वाजवून ती फोनवर उतरवली व आपल्या संकेतस्थळावर चढवली. दोन मिनिटांत उत्तर आले की, 'सदर गाणी अन्य कलावंताच्या (मयत) नावे आहेत. पुन्हा प्रयत्न केल्यास खाते बंद करण्यात येईल.' आपल्या संगणकाने ताईचा आवाज ओळखला. त्याखालचा ओळखला नाही.

५. म्हणून मागील गुरुवारी अर्जदार व क्लॅरिनेटवाले काका रेकॉर्ड प्लेअर घेऊन कार्यालयात आले. मुख्य लिपिकांनी चहाच्या किटलीची पिन काढून जागा करून दिली. त्यांचे आभार. रेकॉर्ड लावली. पहिले गाणे पूर्ण वाजले. मग दारातील शिपाई म्हणाले, "दोन आहेत हो."

मुख्य लिपिक म्हणाले, "दोन आहेत, मान्य. पण दुसरा आवाज तुमचाच कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. अर्जदाराने उभे राहून खालचा आवाज गाऊन दाखवला. नुसता खालचा आवाज कोणी कधी ऐकलेला नसतो. त्याला धड चाल नसते, तो एकाच जागी बराच वेळ थांबतो. शिपायांनी विचारले, "हे कुठलं गाणं?" कोणाला कळले नाही. अर्जदार खाली बसली. तेव्हा टंकलेखक बाईंनी आपल्या फोनवर ती लिंक लावली, ज्यात एकटी ताई आहे, आणि फोन अर्जदारासमोर टेबलावर ठेवला. "आता म्हणा, मावशी," म्हणाल्या.

अर्जदार गायली. आवाज आता जाडा झाला आहे, पण जागा चुकल्या नाहीत. ताई कुठे श्वास घेते ते ठाऊक होते. गाणे संपल्यावर मुख्य लिपिकांनी चष्मा काढून पुसला. "आवाज तुमचाच आहे, शंका नाही," ते म्हणाले, "पण ऐकलं, हे लिहायचं कुठल्या रकान्यात? आपल्याकडे तसा रकानाच नाही."

अर्जदाराला त्या वेळी रडू आले नाही. ताई गेल्यापासूनही आलेले नाही. सर्व जण विचारतात म्हणून नमूद केले.

६. अर्जदाराने आधी उभे राहून एकटीने म्हटलेले गाणे टंकलेखक बाईंनी फोनवर टिपून घेतले होते; त्यात ताईचा आवाज नाही. काहीतरी करावे या चांगल्या हेतूने त्यांनी ते अर्जदाराच्या नावे संकेतस्थळावर चढवले. ते पाच मिनिटांत मंजूर झाले. आता अर्जदाराची नोंद 'नवोदित गायिका' अशी झाली आहे व त्या नोंदीवर खोली मिळू शकते. त्यासाठी फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही हवी. त्यात छापलेले आहे : 'यापूर्वी माझे कोणतेही ध्वनिमुद्रण झालेले नाही.'

मुख्य लिपिक म्हणाले, "मावशी, सही करा आणि मोकळ्या व्हा. डोक्यावर छप्पर राहतंय ना?" ते काळजीपोटी बोलले.

अर्जदाराने कागद घरी नेला. तीन दिवस तो टेबलावर होता. तीन वेळा पेन घेऊन बसून पाहिले. काका म्हणाले, "कोण वाचतंय तो कागद?" तेही खरे आहे. पण सही केली की ती दुपार झालीच नाही, ताई तेथे एकटीच उभी होती, असे अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे होईल. ताईला ऐकताना कळले नाही, कंपनीच्या यंत्राला कळले नाही, ते चालून गेले. अर्जदाराला तर माहीत आहे. सही होत नाही.

तरी विनंती की,

(अ) आपण स्वतः एकदा रेकॉर्ड ऐकावी व ऐकल्याचे आपल्या हाताने, रकाना नसला तरी कागदाच्या कडेला, लिहावे. रेकॉर्ड कार्यालयात जमा करता येणार नाही. आपल्याकडे ती वाजवायला यंत्र नाही व अर्जदाराकडे दुसरी प्रत नाही. कोणत्याही कामाच्या दिवशी प्लेअरसह घेऊन येता येईल. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे अडकते, तेथे सुई हाताने पुढे ढकलावी लागते.

(ब) हे नियमात बसत नसल्यास 'नवोदित' ही नोंद काढून टाकावी. टंकलेखक बाईंना त्यावरून बोल लावू नये. अर्जदार २ ऑक्टोबरपूर्वी खोली सोडेल. कारखान्यातील एका मैत्रिणीने मागची खोली देऊ केली आहे. जिना अरुंद आहे, पण प्लेअर वर जातो. मोजून पाहिले आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
नम्र,
(सही)
अर्जदार, खोली क्र. १४
दिनांक : १९ सप्टेंबर

सोबत :
१) ताईच्या मृत्यूच्या दाखल्याची छायाप्रत.
२) रेकॉर्डीच्या कव्हरची छायाप्रत. फोटोत ताईमागे जो खांदा दिसतो, तो अर्जदाराचा.
३) प्रतिज्ञापत्र, सही न केलेले.
४) खोली क्र. १४ ची एक किल्ली. ही ताईची. दुसरी अजून अर्जदाराच्या वापरात आहे.