घर नंबर ४१, आठवी ओळ

३ मार्च

नवी नोकरी, नवी वही. जागा झकास आहे. पार्ल्यात स्टेशनपासून चालत आठ मिनिटं, बंद पडलेल्या दवाखान्याच्या वरची खोली. खिडकीबाहेर आंबा मोहोरलाय आणि त्याचा चिकटा माझ्या टेबलावर पडतो. चालेल. आधीच्या ऑफिसात खिडकीच नव्हती.

काम काय ते इथे लिहून ठेवते, कारण मम्माला तीनदा सांगूनही कळलं नाही. अंधेरी ते बोरिवलीच्या जुन्या गावठाणांची शंभरेक वर्षांपूर्वीची खानेसुमारी आहे. घर नंबर, घरातल्या माणसांची नावं, वय, घराच्या मुख्याशी नातं, आणि तळाला एकूण आकडा. मूळ कागद वाळवीने खाल्ले, फोटो तेवढे उरले. ते फोटो बघून पानं संगणकात उतरवायचं काम लोक फुकट, हौसेने करतात. पण आपली माणसं एकत्र हौस करतील तर शपथ. म्हणून गट दोन. एक ऑगस्टीन अंकलचा, आमच्यासारख्या गावठाणातल्या कॅथलिक घरांचा. दुसरा सुगंधाबाईंचा. त्या निवृत्त शिक्षिका, कोकणातून गिरणीत आलेल्यांची मुलंनातवंडं त्यांच्याकडे. दोघांनी तीच पानं आपापल्या साइटवर वेगवेगळी उतरवली आणि अकरा वर्षं एकमेकांना चोर म्हणतायत. आता एका संस्थेने दोन्ही साइट चालवायला घेतल्यात, अट एकच, दोन्ही एक करा. ते एक करणारी बाई म्हणजे मी, शर्ली.

खोलीत चहाच्या किटल्यासुद्धा दोन आहेत, नावं चिकटवलेल्या.

आज नियम ठरवले. दोन्हीकडे नोंद सारखी असेल तर ती पक्की, तिला कुलूप. वेगळी असेल तर ती ‘उरलेले’ या यादीत. पक्क्या नोंदी पानाच्या एकूण आकड्याला पुरल्या की पान बंद. कुलूप काढायचं तर अंकल आणि बाई, दोघांची सही हवी. दोन वैरी एकाच गोष्टीला हो म्हणतात तर याहून मोठा पुरावा कुठला, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. सगळे हसले, मीही जाम खूश झाले.

६ मार्च

कामाच्या नावाखाली आज स्वतःचं घर शोधलं. घर नंबर ४१, मम्माच्या माहेरचं. सात माणसं, एकूण आकडा सात, आणि सातव्या ओळीत पास्कू, मम्माचा आजोबा. वयाचा आकडा पुसट आहे, चार असावा.

फोटो मम्माला पाठवला तर तिचा लगेच फोन. रडत होती आणि हसतही होती. पास्कू चहात मीठ घालायचा. त्याने तिला विहिरीत पोहायला शिकवलं, कमरेला रिकामा डबा बांधून, आणि हातातली दोरी मुद्दाम सोडून द्यायचा नि काठावर बसून हसत राहायचा. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. तरी पुन्हा ऐकली. पप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, तिला इतकं बोलताना बरेच दिवसांनी ऐकलं.

१२ मार्च

आज पहिली पानं एकत्र केली. घर ४१ मध्ये दोन्ही गटांकडे आठ ओळी निघाल्या. आठवी अशी: रुक्मिणी, वय १९, नातं ‘आलेली’. फोटोत ही ओळ नाहीच. मी भिंग लावून बघितलं, सात ओळी आणि खाली सात.

ऑगस्टीन अंकलना विचारलं तर आधी लाल झाले, मग छाती फुगवून सांगायला लागले की हा त्यांनीच लावलेला सापळा. खोटं माणूस पेरायचं, आणि ते दुसरीकडे उगवलं की चोरी सिद्ध. कॅथलिक घरात रुक्मिणी हे नाव मुद्दाम, म्हणजे विसरायला नको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःच्या किटलीतला चहा दिला. मला सुगंधाबाईंची कीव आली, आणि जरा गंमतही वाटली.

१३ मार्च

बाईंना हे कसं सांगायचं याची रात्रभर तयारी केली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की रुक्मिणी त्यांनी पेरली होती, चोरली त्या ऑगस्टीनने. जुनी वही काढून दाखवली. त्यांच्या अक्षरात नोंद, तारीख नऊ ऑगस्ट, दुपारी तीन दहा. मग मी अंकलच्या साइटची नोंद काढली. नऊ ऑगस्ट, तेच वर्ष. तीन दहा.

म्हणजे कुणीच कुणाचं चोरलं नाही. दोघांनी आपापल्या घरी बसून, एकाच मिनिटाला, एकच खोटी बाई बनवली. हेच नाव का, असं दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, सुचलं. नात्यात ‘आलेली’ का? अंकलना माहीत नाही. बाई म्हणाल्या की ती तसंच म्हणाली. मग वही मिटून म्हणाल्या की म्हणजे, त्यांना तसंच सुचलं.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की योगायोग असतात.

१६ मार्च

घर ४१ चं पान आपोआप बंद झालंय. सहा माणसं दोन्हीकडे सारखी, सातवी रुक्मिणी सारखी, एकूण सात, हिशेब जुळला. पास्कू ‘उरलेले’ यादीत. अंकलनी त्याचं वय चार वाचलं होतं, बाईंनी नऊ. खऱ्या माणसावर एकमत नाही, खोट्यावर आहे. नियम माझाच.

जेवताना मम्माला गंमत म्हणून सांगितलं की तुझा पास्कू बाहेर पडला. तिने विचारलं, कोण पास्कू. मला वाटलं चेष्टा करतेय. विहिरीची आठवण दिली. ती म्हणाली की तिला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं.

भिंतीवर तिच्या आईच्या लग्नाचा फोटो आहे. मध्ये खुर्चीत पास्कू बसलेला. मी स्टुलावर चढून पुसून बघितलं. खुर्ची आहे.

१९ मार्च

लेंटचे उपास चालू आहेत, चर्चमधून घरोघरी भेटीची यादी घेऊन वेन आला होता. लहानपणी त्याची पहिल्या कम्युनियनची, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाची, तयारी मम्मानेच करून घेतलेली. यादीत आमच्या घरापुढे माणसं, एक. एकटीला सणाला कंटाळा येत असेल ना, असं तो मला म्हणाला. मम्मा त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. त्याने घेतला नाही. ती किती वेळ हात पुढे करून उभी राहिली. मग ग्लास आत नेऊन ठेवला आणि मला म्हणाली की मुलगा घाईत होता गं.

तिच्या रेशनकार्डावर तिची ओळ कोरी आहे. खोडलेली नाही, कोरी. आजोबाच हिशेबात नाही तर नात कुठून असणार.

२१ मार्च

दोघांसमोर हात जोडले. कुलूप काढायला फक्त दोन सह्या लागतात. रुक्मिणी खोटी आहे, एवढंच लिहायचं.

अंकल म्हणाले की लिहितो, पण आधी तिने लिहावं की तिने चोरलं. बाई म्हणाल्या की आधी त्याने लिहावं. मी सांगितलं की दोघांनीही चोरलेलं नाही. ते तर दोघांनाही त्याहून झोंबलं. अकरा वर्षांचं भांडण फुकट गेलं असतं ना. मी सांगितलं की माझी आई जातेय. अंकलनी मायेने विचारलं की डॉक्टरला दाखवलं का. बाई म्हणाल्या की घरचे प्रश्न वेगळे आणि गटाची अब्रू वेगळी.

माझी आई पुसली जातेय आणि यांचं अजून आधी कोण, आधी कोण. इतका राग आला की जिन्यात बसून रडले. माणसं अशी कशी असतात यार.

२४ मार्च

मम्माचा आवाज बारीक झालाय, टीव्ही बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. शेजारची ॲन्ड्रिया दारात येऊन गेली, मम्माच्या अंगावरून माझ्याशी बोलली.

मम्मा मात्र खूश. म्हणते दुपारी एक मुलगी येते, लसूण सोलून देते, गुणी आहे. कुठून येते विचारलं तर म्हणाली की विचारलं नाही. आलेली आहे.

मी टोपलीत बघितलं. लसूण सोललेला होता.

२६ मार्च

सुट्टी घेऊन घरीच बसले. दुपारी तीन. पंख्याखाली मम्मा बसलीय, तिच्यामागची खुर्चीची वेताची वीण मला तिच्यातून दिसते. तिचा हात धरला की हातात थंड काहीतरी — हात नाही म्हणवत.

तीन दहाला — घरात तिसरं कुणीतरी आहे. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी गेले नाही. लाज वाटते लिहायला, पण नाही गेले.

२७ मार्च

बाईंचा फोन, दोघं तयार आहेत, ये. धावत गेले. एका टेबलाशी दोघं बसलेले. मध्ये किटली एकच. अकरा वर्षांत पहिल्यांदा — मला रडूच आलं. सह्या झाल्या का विचारलं. झाल्या म्हणाले.

कागद वाचला. ‘उरलेले’ यादी कायमची पुसावी, आकडे बिघडतात. खाली दोघांच्या सह्या. शेजारी शेजारी. पास्कू आणि कोण कोण, सगळे गेले, चार वाजता.

अंकलनी माझ्याकडे बघून बाईंना विचारलं की ही कोणाकडची. बाई म्हणाल्या की तुमच्याकडची असेल. त्यावरही त्यांचं भांडण झालं नाही.

२८ मार्च

मम्मा आता फक्त ओठ हलवते. कधी तेही नाही.

नियम माझाच आहे. दोन नोंदी सारख्या तर पक्कं. मग मम्माची, इव्हाची, नोंद मी करते, दुसरी कुणीतरी करायला हवी. ॲन्ड्रियाकडे गेले, विचारते कोण इव्हा. वेनही तेच, कोण इव्हा. घरात दुसरं कोण आहे — तीच, लसूण सोलून देणारी.

म्हणून इथेच लिहिते.

एकूण दोन.
१. इव्हा, वय ६४, मुख्य.
२. शर्ली, वय ३१, मुलगी.

वही उघडी ठेवली टेबलावर, पेन वर. मोठ्याने सांगितलं की तुला जे दिसतं ते लिही. माझ्या आईला लिही. बाकी काय हवं ते घे. आणि दहा मिनिटं बाहेर उभी राहिले, उन्हात.

परत आले तर खाली गोल अक्षरात, शाळकरी —

एकूण दोन.
१. इव्हा, वय ६४, मुख्य.
२. रुक्मिणी, वय १९, मुलगी.

पहिली ओळ जुळली. जुळली देवा. मम्माचा आवाज येतोय आतून, खणखणीत — विहिरीची गोष्ट सांगतेय, कमरेचा डबा, दोरी सोडली, पास्कू काठावर हसतोय — सगळं आठवतंय तिला —

आता ‘आलेली’ नाही लिहिलं तिने. मुलगी लिहिलंय.

मम्मा चहाला हाक मारतेय. रुक्मिणी ये गं, निवतोय. मी ओ दिली. पुन्हा दिली. दारात जाऊन उभी राहिले, माझ्यातून पलीकडे बघितलं तिने. ओट्यावर कप दोन.

दुसरी ओळ जुळत नाही. मी उरलेली — पेन धरवत नाही नीट — मम्मा, मी इथे —

कुणीही वाचा, पण खाली लिहा. जास्त नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताने एकदाच, माझ्यासारखंच — शर्ली, वय ३१, इव्हाची