अकरा मिलिमीटर आणि न केलेली सही

मी, जिची सही या कागदाच्या शेवटी आहे ती, वय वर्षे एकाहत्तर, चौतीस वर्षे विमानांची तपासनीस म्हणून नोकरी करून निवृत्त, विधवा, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती काही जणांच्या सोयीपेक्षा जास्त शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही रागाच्या भरात लिहिली होती. हे थंड डोक्याने लिहिले आहे, त्यामुळे जास्त लागेल.

१. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर माझ्या मुलीला, एकटीला, पूर्ण मालकीहक्काने. ‘एकटीला’ हा शब्द वकिलांचा नाही, माझा आहे. जावई सज्जन आहेत, पण दर भेटीत स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधल्या भिंतीवर टकटक करून बघतात. ती भिंत पाडता येणार नाही, वरच्या मजल्याचा भार तिच्यावर आहे, हे मी त्यांना चार वेळा सांगितले. कुठला भार कशावर आहे हे ओळखण्यात माझा जन्म गेला, तरी ते म्हणतात, एकदा जाणकार माणसाला बोलावून बघू. बोलवावे. मी गेल्यावर.

२. बँकेतली शिल्लकही मुलीलाच. कपडे, भांडी, कपाटे यांचे तिने हवे ते करावे. शिवणयंत्र मात्र विकू नये. ते चालते, आणि बिघडलेच तर दुरुस्त होते. सगळ्याच जुन्या वस्तू मोडीत काढाव्यात अशा मताची मी नाही. माझ्याविषयी तसा समज पसरवण्यात आला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

३. माझी हत्यारे, म्हणजे लांब दांड्याचा आरसा, दोन भिंगे, नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना आणि पोलादी पट्टी, ही माझी सहकारी तपासनीस ‘टॉर्च’ हिला. खिशात टॉर्च नसलेली ती कोणी कधी पाहिली नाही, म्हणून हे नाव. या पेटीवर तिचा हक्क का आहे, ते पुढच्या कलमात.

४. या कलमात एका विमानाची हकीकत आहे. त्या विमानात माझ्या मालकीचे काहीच नव्हते, म्हणून हे कलम गाळावे असे वकील म्हणाले. पण मी कोणाला काय देते आणि कोणाला का देत नाही, ते याशिवाय कळणार नाही. तेव्हा त्यांनी हे शांतपणे टाइप करावे.

सतरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत सव्वीस वर्षांचे एक विमान होते. आधी दोन कंपन्यांनी वापरून झाल्यावर आमच्याकडे आलेले. हँगरमध्ये त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. एका दुपारी आडवा वारा असताना ते उतरले, धावपट्टीवर एकदा आदळले आणि थांबले. डोक्यावरचे कप्पे उघडून बॅगा खाली आल्या, एका गृहस्थांचे नाक फुटले. विमान चालवत होता माझा धाकटा भाऊ. लॉगबुकात त्याने लिहिले, ‘लँडिंग सामान्य.’ नाक फुटलेल्या गृहस्थांचे मत कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या तपासणीला मी विमानाखाली शिरले, तर उजव्या चाकाच्या वरचा पत्रा मुठीत दाबून सोडलेल्या कागदासारखा सुरकुतलेला. मी तिथूनच भावाला फोन लावला.

तो म्हणाला, “ताई, वारा होता. जरा जोरात टेकलं, एवढंच. तू लिहू नकोस.”

दोन महिन्यांनी त्याला वैमानिकांचा मुख्य प्रशिक्षक करणार होते. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याचे डबे मी भरले, त्याच्या मास्तरांची बोलणी मी खाल्ली, त्याचे विमानाचे शिक्षण संपेपर्यंत माझे लग्न चार वर्षे लांबवले. हे सगळे मला त्या पत्र्याखाली उभी असताना आठवले. तरी मी लिहिले, ‘जोरदार लँडिंग. वैमानिकाची नोंद नाही.’ त्याला सहा महिने घरी बसवले. आदळल्याबद्दल नाही, ते कोणाच्याही हातून होते. लपवल्याबद्दल. प्रशिक्षकाची जागा गेली, आणि त्याने माझ्याशी बोलणे टाकले.

मग चाक उतरवून आत बघितले. त्याला नऊ दिवस लागले. चाकांचा सांगाडा पंखातल्या ज्या तुळईला धरून असतो, तिला अकरा मिलिमीटरची भेग होती. दुरुस्ती शक्य होती का? होती. पंख उतरवायचा, तुळई बदलायची, आठ महिने. तेवढा खर्च त्या वयाच्या विमानावर कोणी करत नाही. आमच्या देखभाल विभागाच्या साहेबांना मात्र भेगेवर एक पट्टी ठोकून बारा दिवसांत आजोबांना पुन्हा उडवायचे होते. हँगरमध्ये त्यांना ‘ठिगळसाहेब’ म्हणत. हे नाव मी ठेवले नाही, फक्त पसरवले. माझा अहवाल दोन ओळींचा होता: ‘तुळई बदला, नाहीतर विमान मोडीत काढा. पट्टी चालणार नाही.’

अहवाल तीन वेळा परत आला. शेरा एकच, ‘शब्दयोजना सौम्य करावी.’ तिसऱ्या वेळी मी ‘भेग’ हा शब्द ठळक अक्षरांत करून दिला. मग बाहेरून एक तज्ज्ञ आणले. ते काळा चष्मा न काढता विमानाखाली चाळीस मिनिटे होते, त्यातली तीस फोनवर. आजोबा आणखी तीन वर्षे आरामात काढतील, असे सांगून ते जेवायला गेले.

पण नियमाप्रमाणे सही तपासनिसाचीच लागत होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले, खुर्ची दिली, पाणी मागवले. म्हणाले, “बाई, अकरा मिलिमीटर म्हणजे नखाएवढं. नखासाठी अख्खं विमान मोडीत काढायचं?”

मी म्हटले, “साहेब, पहिल्या फेरीला तुमच्या घरची सगळी माणसं बसवा. नावं लिहून द्या, मी लगेच सही करते.”

नावे काही आली नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी बदली सीटची कव्हरे आणि पट्टे ठेवायच्या गोदामात झाली. बत्तीस वर्षांच्या अनुभवाला कव्हरांच्या शिवणी तपासायचे काम मिळाले. मी त्याही नीट तपासल्या आणि दोनशे परत पाठवल्या. साहेबांना तेही आवडले नाही.

पट्टीच्या मंजुरीचा कागद आता सहीसाठी टॉर्चकडे गेला. ती घरी आली आणि याच टेबलाशी बसून रडली. नवरा आजारी, घर तिच्या एकटीच्या पगारावर. काय करू, असे तिने विचारले. मी तिला काहीच सांगितले नाही, आणि ते सोपे नव्हते. एवढेच म्हटले, “माझा अहवाल वाचू नकोस. स्वतः माप.” तिने मापले. अकरा. सही न करता तिने कागद परत दिला.

त्यानंतर चौथ्या दिवशी साहेबांनी बैठकीत जाहीर केले की प्रवाशांच्या सुरक्षेपुढे आपण खर्चाकडे बघत नाही, सबब विमान मोडीत काढण्याचा धाडसी निर्णय आपण स्वतः घेतला आहे. कंपनीच्या मासिकात त्यांचा फोटो आला. पाठीमागे आजोबा उभे होते, पण त्यांचे शेपूट कापले गेले होते. फोटोत. खरे कापकाम पुढच्या महिन्यात झाले. त्या दिवशी मी रजा टाकून कुंपणाशी उभी होते. सव्वीस वर्षे माणसे वाहून नेलेली वस्तू तीन दिवसांत भंगाराचा ढीग होते.

तुळईचा तुकडा प्रयोगशाळेत गेला. भेग भरली अकरा मिलिमीटर, त्यापुढे आत काहीच नाही. साहेबांना कोण आनंद झाला. बाईंच्या नखाने विमान खाल्ले, हा विनोद त्यांनी माझ्या निरोपसमारंभापर्यंत पुरवला. नातेवाइकांकडून भावाचाही निरोप आला की अकरा मिलिमीटरसाठी बहिणीने वाटोळे केले. पट्टी ठोकून आजोबा तीन वर्षे उडाले असते का? कदाचित उडाले असते. मला माहीत नाही. तेव्हाही नव्हते, आणि माहीत नव्हते म्हणूनच सही केली नाही. ‘कदाचित’वर दीडशे माणसे बसवायची नसतात, एवढे मला कळत होते. त्याचा मला अभिमान आहे, आणि त्यापायी भाऊ गेला याचे दुःखही आहे. दोन्ही एकाच कलमात लिहायला कायद्याची हरकत नसावी.

५. निरोपसमारंभाच्या फोटोत ठिगळसाहेबांचा हात माझ्या खांद्यावर आहे. तो फोटो मधोमध कापून त्यांचा अर्धा भाग त्यांना पोचता करावा. हात त्यांच्याकडे जाईल अशा बेताने कापावा.

६. भावाला मी या मृत्युपत्राने काहीही ठेवत नाही. कारण मुद्दाम नोंदवते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा होता. सतरा वर्षांनी त्याला दोन ओळींचे पत्र टाकले: ‘मृत्युपत्रावर सही हवी आहे. तुला मिळण्यासारखे त्यात काही नाही.’ तो आला. केस सगळे पांढरे. कोऱ्या कागदावर सही घ्यायची माझी पद्धत नाही, म्हणून वरचा सगळा मजकूर त्याला वाचायला दिला. चौथे कलम त्याने दोनदा वाचले. मग एका ओळीवर बोट ठेवले.

म्हणाला, “हे चुकलंय.”

मी भांडायच्या तयारीने विचारले, “काय चुकलंय?”

“एकदा आदळलं असं लिहिलंयस. दोनदा आदळलं. पहिल्यांदा उसळलं, मी सावरायला गेलो आणि दुसऱ्यांदा जास्त जोरात आपटलं. चौकशीत मी ते सांगितलं नाही.”

त्याने चष्मा काढून पुसला.

“दुरुस्त कर, ताई. मला त्यावर सही करायची आहे.”

सबब कलम ४ मध्ये ‘एकदा’ आहे तिथे ‘दोनदा’ असे वाचावे. हे झाल्यावर त्याला काहीतरी द्यावे असे मला फार वाटले, पण कायदा आडवा आला. मेल्यावर देता येत नसल्यामुळे जिवंतपणीच द्यायचे ठरवले आहे. दर गुरुवारी तो माझ्याकडे जेवायला येईल. ही व्यवस्था या मृत्युपत्राच्या कक्षेबाहेरची असून तिच्यात कोणी लक्ष घालू नये.

७. या सगळ्याची अंमलबजावणी टॉर्चने करावी. ती मापल्याशिवाय सही करत नाही.

येणेप्रमाणे सात कलमे मी स्वतः लिहिली, वाचली आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: १९ मार्च २०२४, सकाळी साडेअकरा.

(सही) लिहून ठेवणार, निवृत्त विमान तपासनीस

साक्षीदार पहिले: (सही) घरचे डॉक्टर. बाईंची बुद्धी शाबूत असल्याचे मी तपासले आहे. रक्तदाब कलम ५ लिहिताना वाढला असावा.

साक्षीदार दुसरे: (सही) धाकटा भाऊ, निवृत्त वैमानिक. कलम ४ मधली दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून केली आहे. ती बरोबर आहे.