प्रमुख पाहुणे येईपर्यंत

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. चळवळीचा इतिहास चळवळीतल्या माणसानेच लिहून ठेवावा, नाहीतर पुढे कुणीही काहीही लिहितं.
पार्श्वभूमी अशी. आमच्या तालुका दवाखान्यात जुनी, बाटलीतली इन्सुलिन बंद करून सगळ्यांना सरसकट पेनातली नवी देताहेत. ज्यांना मानवते त्यांचं ठीक. सुमतीला मानवत नाही. जुनी होती तेव्हा साखर उतरायला लागली की आधी तिचे हात कापायचे, घाम फुटायचा. ती गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि कामाला लागायची. नवीवर आगाऊ सूचनाच नाही. परवा भाजी चिरता चिरता थांबली आणि मी कुणी परका घरात शिरलोय अशी माझ्याकडे पाहत राहिली. साखरपाणी पाजल्यावर ओळख पटली. मी फार घाबरलो होतो. तिला दाखवलं नाही.
निर्णय: रुग्णांची संस्था काढणे. नाव 'इन्सुलिन निवड हक्क समिती, हुमनाबाद'. मागणी एकच: दोन्ही प्रकार ठेवा, रुग्णाला निवडू द्या. अध्यक्ष मी. मला स्वतःला मधुमेह नाही, पण तहसील कचेरीतून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेला दुसरा माणूस या गल्लीत नाही.

६ नोव्हेंबर
पहिली बैठक आमच्या हॉलमध्ये. उपस्थिती समाधानकारक. सेक्रेटरी म्हणून सिद्धरामला नेमलं. त्याचा टेम्पो आहे, आवाज मोठा आहे, साखर त्याहून मोठी. त्याची मावशी बाणूबाई मंठाळहून मुद्दाम आली होती.
घोषणा मी आधीच तयार ठेवली होती: 'माझी सुई, माझी निवड.' सिद्धराम म्हणाला, लोकान्ला काय पायजे ते आधी इचारून घिऊ की साहेब. त्याला समजावलं की विचारलं की दहा मतं निघतात आणि चळवळ फुटते. तो उठून मागे जाऊन बसला. पटलं असावं.
सुमतीही काही बोलणार होती, पण तेवढ्यात चहा आणायची वेळ झाली.

१२ नोव्हेंबर
निवेदन घेऊन दवाखान्यातल्या डॉ. नेत्रावतींकडे. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही प्रती, प्रत्येकीवर आवक क्रमांकासाठी जागा सोडलेली. बाईंनी एकही नीट वाचली नाही. म्हणाल्या, सर, निवेदन कशाला? सुमतीअक्काला घेऊन या. मी तपासते, नवी मानवत नाही म्हणून लिहिते आणि बीदरहून जुनी मागवून देते. तिने स्वतः येऊन सांगायला हवं, एवढंच.
मी नम्रपणे नकार दिला. प्रश्न एका सुमतीचा नाही, तत्त्वाचा आहे. अध्यक्षाच्या बायकोला मागच्या दाराने बाटली मिळाली तर उद्या कुठल्या तोंडाने बोलायचं? शिवाय समितीची सगळ्यात ठळक केस सुमतीच आहे. तीच बरी झाली तर मांडायचं काय?
हे शेवटचं वाक्य नीट उतरलं नाही. अर्थ वेगळा होता.
सुमतीला हे सांगितलं नाही. तिने लगेच पिशवी उचलली असती. बायकांना लांबचं दिसत नाही.

२० नोव्हेंबर
सुमतीचा हात तव्यावर भाजला. भाकरी उलटताना एकदम भान गेलं. मलम लावताना माझ्याच हातून डबी दोनदा पडली. ती म्हणाली, कामून एवढं घाबरायलाव, हात माझा हाय. ती माहेरची बोली फक्त मला चिडवायला वापरते.
केस म्हणून सविस्तर टिपण केलं. फोटो घेतला. भाजलेली बाजू उजेडाकडे धर म्हटलं तर उठून गेली.
उद्यापासून दर दोन तासांनी तिची साखर तपासणार.

२१ नोव्हेंबर
सकाळी तपासली. दुपारी कन्नड पत्रकाराकडे जावं लागलं. उद्यापासून नक्की.

४ डिसेंबर
मोठा बेत ठरला. जानेवारीत मधुमेही मेळावा. कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचा हॉल, बुक केला. प्रमुख पाहुणे कलबुर्गीचे आरोग्य खात्यातले मोठे साहेब. त्यांच्या पीएने 'बघू' म्हटलं, म्हणजे येणारच. कचेरीत इतकी वर्षं काढली, 'बघू'चे सगळे प्रकार मला कळतात.
सुमतीने रात्री जेवताना विचारलं, दवाखान्यात मी एकदा स्वतः जाऊन बोलू का? म्हटलं, आता वातावरण तापलंय, मध्येच एकटीने गेलीस तर समितीची भूमिका कमकुवत होईल. ती म्हणाली, भूमिका राहू द्या, मला भीती वाटायलीय. मीही घाबरतो असं सांगावंसं वाटलं. पण दोघंही घाबरून कसं चालेल? मेळाव्याची निमंत्रणपत्रिका दाखवली. तिचं नाव दुसऱ्या ओळीत आहे.

१९ डिसेंबर
सुमती बसस्टँडवर सापडली. दळण आणायला निघाली होती, हैदराबादच्या गाडीच्या रांगेत उभी होती. शेजारच्या बसव्वांनी ओळखून हाताला धरून आणलं, सरबत पाजलं. बसव्वा मला म्हणाल्या, अण्णा, आधी तिला बघा, मग मेळावा बघा. भल्या बाई आहेत, पण सार्वजनिक कामाचा अनुभव नाही.
रात्रभर तिच्याकडे पाहत बसलो. तिला काही झालं तर मी काय करणार, हे मला अजिबात माहीत नाही.
निश्चय: मेळावा संपला की सगळं सोडून फक्त तिच्याकडे लक्ष. अगदी दुसऱ्या दिवसापासून.

५ जानेवारी
तयारी जवळजवळ पूर्ण. जेवणाचा बेत मधुमेह्यांना सोसेल असा: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. पाहुण्यांसाठी वेगळी शेंगाची होळिगे, म्हणजे गुळाची पोळी, कारण ते मधुमेही नाहीत.
दीपप्रज्वलन कुणाच्या फोटोसमोर करायचं यावर वाद पेटला. प्रत्येकाचा फोटो वेगळा. मी तोडगा काढला: समईसमोर जुन्या इन्सुलिनची बाटलीच ठेवायची, झेंडूची माळ घालून. वाद मिटला. बाटली कुठून आणायची? सुमतीने एक शेवटची जपून ठेवली आहे, अडीनडीला. ती देते म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. घेतली.
सिद्धरामने शंका काढली, समईच्या धगीनं दवा नासंल की. त्याला म्हटलं, ही आता दवा नाही, प्रतीक आहे.

७ जानेवारी, सकाळ
आज मेळावा. फेटा बांधून तयार. सुमतीने सुई टोचून घेतली, नाश्ता थोडासाच केला, कारण मी घाई केली. जेवण एकला आहेच.

त्याच दिवशी, व्यासपीठावरून
हॉल भरला. पुढच्या रांगेत बाणूबाई, मांडीवर पोतडी. सुमती माझ्या शेजारी, समोर समई आणि बाटली; समई साहेब आल्यावरच पेटणार. साहेब कमलापूरपर्यंत आल्याचं पीए म्हणतो. म्हणजे आलेच.

व्यासपीठावरून
साहेब अजून कमलापुरातच. तिथे कुणीतरी शाल घालतंय म्हणे. स्वयंपाक तयार, भाकऱ्यांचा वास वर येतोय. सिद्धराम दोनदा विचारून गेला, पंगत बसवू का? नाही म्हटलं. प्रमुख पाहुण्यांच्या आधी पंगत उठली असं आपल्याकडे कधी झालेलं नाही. उद्या कलबुर्गीत म्हणतील, हुमनाबादकरांनी उष्ट्यावर बसवलं.

व्यासपीठावरून
काही सभासद मागे बिस्किटं खाताना दिसले. माईकवरून शिस्तीचं आवाहन केलं. सगळ्यांनी पुडे लपवले. बाणूबाईने मात्र पोतडी सोडून भाकर काढली आणि सगळ्यांसमोर खायला लागली. सिद्धरामला पाठवलं. ती त्याला म्हणाली, पाव्हणा येऊ दी न्हाईतर न येऊ दी, मी सुई टोचून आलेय, मी खायलेय. खेडवळ माणसं. हळूहळू शिकतील.
सुमतीने वाकून विचारलं, अहो, दोन घास खाऊन येऊ का? म्हटलं, पाच मिनिटं. अध्यक्षांच्या घरचंच माणूस आधी जेवायला बसलं तर पेपरवाले काय लिहितील? ती सरळ बसली.

व्यासपीठावरून
पाहुणे निघाले. नक्की निघाले. तोवर माझं भाषण सुरू करतो, लांबवता येण्यासारखं आहे.

व्यासपीठावरून
भाषण उत्तम. 'ज्याचं शरीर त्याची निवड' यावर टाळ्या. खाली बसून सुमतीला विचारलं, कसं झालं? उत्तर नाही. बारीक हसतेय, डोळे समईवर. भारावलेली दिसते. हात हातात घेतला, गार आणि ओला. एवढ्या गर्दीत बसायची तिला सवय नाही.
पुन्हा हाक मारली. भाषण तिला फारच

९ जानेवारी, दवाखाना
परवा पुढे लिहिता आलं नाही. सुमती खुर्चीवरून समईवर पडली. सिद्धरामने उचललं, टेम्पोत घातलं. त्याने मला पुढे बसायला सांगितलं, मी मागे तिच्या डोक्याशी बसलो. हाका मारत होतो. ती घोरल्यासारखा आवाज करत होती. फेटा कुठे पडला कळलं नाही.
डॉ. नेत्रावतींनी शिरेतून ग्लुकोज दिलं. काल सकाळी सुमतीने डोळे उघडले आणि मला ओळखलं. मी रडलो. वॉर्डात सगळ्यांसमोर. असू दे.
साहेब आले होते म्हणे त्या दिवशी, संध्याकाळी. रिकाम्या हॉलमध्ये होळिगे खाल्ली, व्यवस्था छान आहे म्हणाले आणि गेले.

१० जानेवारी
डॉक्टर राउंडला आल्या. सुमतीला म्हणाल्या, अक्का, जुनी हवी तर मी दिवाळीच्या वेळेलाच सरांना सांगितलं होतं, तुम्हाला घेऊन या म्हणून. तुम्ही कामून आला न्हाई?
मी खुलासा करायला तोंड उघडलं. तत्त्व, समिती, मागचं दार. सुमतीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. मग डॉक्टरांना म्हणाली, मला कुणी सांगितलंच न्हाई.
डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. रुग्णाशी बोलायचंय म्हणाल्या. मी रुग्णांच्या संस्थेचा अध्यक्ष आहे हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी दार लावून घेतलं.

१५ जानेवारी
सुमती घरी. चेहरा टवटवीत. जेवण वेळेवर. बोलते, पण कामापुरतं. मी दर दोन तासांचं साखर तपासायचं वेळापत्रक केलं आणि भिंतीवर लावलं. तिने त्यावर कॅलेंडर टांगलं. जागा सोयीची असेल.

२२ जानेवारी
समितीची बैठक आमच्या हॉलमध्ये. सिद्धराम आदबीने म्हणाला, साहेब, आपल्याच नियमात लिव्हलंय, सभासद रुग्ण पायजे. तुमाला तर शुगरच न्हाई. नियम मीच लिहिला होता, बाहेरच्या माणसांनी घुसू नये म्हणून. अध्यक्ष म्हणून बाणूबाईने सुमतीचं नाव सुचवलं. हात सगळ्यांनी वर केले. मी पण केला, माझा मोजला नाही.
सुमतीने पहिलाच ठराव मांडला: बैठक कुठलीही असो, पाहुणा कुणीही असो, सभासदाने वेळेवर खायचं. दुसरा: निवेदन नको, ज्याला मानवत नाही त्याला सिद्धरामच्या टेम्पोतून दवाखान्यात न्यायचं, त्याने स्वतः सांगायचं. बाणूबाईला विचारलं तुला कुठली हवी. ती म्हणाली, मला नवी गुण द्यायलीया, मी नवीच घेईन. हे समितीला इतके दिवस माहीतच नव्हतं.
ठराव भाषेच्या दृष्टीने कच्चे आहेत. मी चहा केला.

३० जानेवारी
सुमती एकटी दवाखान्यात जाऊन आली. मार्गदर्शनाला येतो म्हटलं, नको म्हणाली. आल्यावर सहज विचारलं, मग कुठली घेतलीस, जुनी की नवी? म्हणाली, ते माझं आणि डॉक्टरीणबाईंचं हाय.
इतके महिने मी याच प्रश्नावर बोललो. एवढं तरी मला सांगायला हरकत नव्हती.

२ फेब्रुवारी
ती दळणाला गेली तेव्हा फ्रिज उघडला. अंडी ठेवतात त्या खणात नाही, दारात नाही, भाजीच्या टोपलीखाली नाही. डोसाच्या वेळेला ती शेजारी जाते हे मग लक्षात आलं. बाटली किंवा पेन, जे काय असेल ते, बसव्वांच्या फ्रिजमध्ये आहे.
बसव्वांचा फ्रिज नवा आहे. त्याचं कूलिंग चांगलं असणार. कारण तेच असणार.