लाडूचे जंत आणि मीराची ओढणी

मंगळवार, संध्याकाळ

लाडूच्या, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, शीमध्ये आज पुन्हा जंत. औषध दिलं की जातात, पुन्हा येतात. वैताग आलाय. मुरार भागातल्या जनावरांच्या डॉक्टरवर भडकलोच. तो शांतपणे म्हणाला, "भैया, बिस्तर उबाला था?"

लाडूचं सगळं अंथरूण उकळलं होतं. फक्त ओढणी नाही. इंदूरला कायमची जाताना माझ्या कॉलेजातल्या मीराने लाडूला स्वतःच्या त्या ओढणीतच गुंडाळून मला दिलं होतं. तो अजून तिच्यावरच झोपतो. धुतली तर मीराचा वास जाईल, म्हणून मी...

आई म्हणाली, "तिच्यापायी कॉलेज सोडलंस, आता ओढणी पण सोड की रे!" मी चिडून जेवणाचं ताट सरकवलं. पण लाडूच्या बरगड्या दिसायला लागल्यात.

आत्ता ओढणी पातेल्यात उकळतेय. टाकण्याआधी नाकाशी धरली होती. नुसता लाडूचाच वास. मग इतके दिवस मी जपत काय होतो?